नक्कल करायची तर दहा जणांची करा

गेल्या महिन्यात नाशिकमध्ये एका विशीतल्या व्यंगचित्रकाराचं छोटेखानी प्रदर्शन झालं. बहुतेक चित्रं राजकीय, थोडी खड्ड्यांवर आणि पाणीकपातीवर. अभिप्रायाच्या वहीत कोणीतरी लिहिलं, ‘ही सरळसरळ आर. के. लक्ष्मणची नक्कल आहे.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘नक्कल कसली, चोरी म्हणा.’ त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला आणि गावातल्या चित्रकार-लेखक मंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणतो, कलावंताकडे स्वतःचं असलं पाहिजे, दुसऱ्याची छाप दिसली की विषय संपला. दुसरा म्हणतो, पोराला नाउमेद करू नका, प्रेरणा सगळेच घेतात. मी स्वतः याच धंद्यात आहे, आणि मला वाटतं दोन्ही तट भलत्याच मुद्द्यावर भांडताहेत.

पहिल्या तटाचा समज असा की रेषा माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो आणि बाहेरचा वारा लागला की ती बाटते. दुसऱ्या तटाची गोची वेगळी. एकदा ‘प्रेरणा’ म्हटलं की चौकशीच बंद होते. काय घेतलं, कोणाकडून घेतलं, घेतल्यावर त्याचं पुढे काय केलं, हे विचारायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं आहे : शिकणाऱ्या व्यंगचित्रकाराने नक्कल करावी, भरपूर करावी, उघडपणे करावी आणि कोणाची केली ते नाव घेऊन सांगावं. त्या मुलाने एकाचीच नक्कल केली आणि त्या एकाचंही फक्त वरवरचं घेतलं, इथे तो कमी पडला. प्रभावावर उतारा एकच असतो, आणखी प्रभाव.

ज्यांच्या नावाने हा आरडाओरडा चालला आहे त्या आर. के. लक्ष्मण यांच्यापासूनच सुरुवात करू. 1921 साली म्हैसूरला जन्मलेला हा मुलगा डेव्हिड लो नावाच्या व्यंगचित्रकाराची वृत्तपत्रांत येणारी चित्रं बघून वेडावला होता. सही नीट लागत नसल्यामुळे तो बरेच दिवस चित्रकाराचं नाव ‘काऊ’ (इंग्रजीतली गाय) समजत होता. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्याला प्रवेश नाकारला. मग लक्ष्मण यांची शाळा कोणती? छापून आलेली चित्रं, आणि घराबाहेरचे कावळे. ब्रशचा जाड-बारीक होत जाणारा फटकारा, काळ्या शाईचे भरघोस ठाव, पुढाऱ्याला त्याच्या ऐटीतच हास्यास्पद करण्याची हातोटी, हे सगळं लोच्या चित्रांत आधी दिसतं. बरं, लो तरी आकाशातून पडला होता का? न्यूझीलंडमधल्या डुनेडिनचा हा माणूस फिल मे या इंग्रज चित्रकाराच्या काटकसरी रेषेवर पोसला. मे 1880 च्या दशकात सिडनीच्या ‘बुलेटिन’साठी चित्रं काढून गेला होता, आणि लो पुढे त्याच साप्ताहिकात नोकरीला लागला. म्हणजे नाशिकच्या त्या मुलावर जो आरोप आहे, तो थोडा मागे ओढला की लक्ष्मणवर जातो, तिथून लोवर, आणि लोवरून फिल मेवर. या रांगेत गुन्हेगार नेमका कोणाला धरायचं?

पण रांग दाखवून मुद्दा सुटत नाही, हेही कबूल. घेतल्यावर काय केलं हा खरा प्रश्न. लोचं सगळ्यांत गाजलेलं पात्र म्हणजे कर्नल ब्लिंप : टक्कल, ओघळलेल्या झुपकेदार मिशा, टर्किश बाथमध्ये टॉवेल गुंडाळून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठणकावून मत देणारा. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनही टकला, मिशीवालाच. अंगात चौकटीचा कोट, खाली धोतर, आणि तोंडातून अवाक्षर नाही. ब्लिंप बोलतो म्हणून मूर्ख ठरतो. कॉमन मॅन गप्प राहतो म्हणून शहाणा ठरतो. लक्ष्मण यांनी हे ठरवून उलटं केलं असा माझा दावा नाही. पण गुरूच्या चित्रात वर्षानुवर्षं मुरलेल्या माणसालाच गुरूचं पात्र असं आतून बाहेर उलटवता येतं, एवढं मात्र मी म्हणेन.

त्याच लोच्या चित्रांवर आणखी एक जण घडत होता. बाळ ठाकरे आणि लक्ष्मण एके काळी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये एकत्र होते. आदर्श तोच, हत्यारही ब्रशच. आता दोघांची चित्रं शेजारी ठेवा. लक्ष्मण यांचा मंत्री फुगलेला असतो, पण थोडा केविलवाणाही, त्याच्याकडे बघून राग येण्याआधी हसू येतं. ठाकऱ्यांचा मंत्री आखाड्यात पाठीवर पडलेला असतो आणि चित्रकार त्याच्या छातीवर बसलेला. एकाने पुढची कित्येक दशकं एका दैनिकाच्या पहिल्या पानावरचा छोटा कोपरा राखला, दुसऱ्याने 1960 साली ‘मार्मिक’ सुरू केलं आणि व्यंगचित्राच्या साप्ताहिकातून पुढे राजकीय संघटना उभी राहिली. तुम्हाला कोणाचं राजकारण पटतं न पटतं ते बाजूला ठेवा. छाप पडल्याने माणूस दुसऱ्याची कार्बन कॉपी होत असता, तर एकाच गुरूचे हे दोन चेले आपल्याला ओळखूही आले नसते.

आता जरा कामाच्या टेबलाकडे येऊ, कारण ही चर्चा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नक्कल करून पाहिली आहे. लक्ष्मण यांचं एखादं मंत्रालयातलं चित्र समोर ठेवून तसंच उतरवायला बसा. चेहरे अर्ध्या तासात जमतात. अडतं ते खोलीत. टेबलाची कड, फायलींचा ढीग, मागच्या दारात उभा शिपाई, त्याच्या पायाखालची फरशी, सगळं पर्स्पेक्टिव्हमध्ये चोख बसलेलं असतं. तुमची रेघ अर्धा सूत सरकली की खुर्ची हवेत तरंगते आणि विनोद मरतो. तेव्हा कळतं की लक्ष्मण यांचा विनोद माणसांत असला तरी तो खरा वाटतो त्या खोलीमुळे. हे कोणत्याही भाषणातून कळत नाही. प्रदर्शनातल्या त्या मुलाने मिशा घेतल्या, पोट घेतलं, ब्रशचा फटकारा घेतला. खोली घ्यायची राहिली.

मग गोव्याचा व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा घ्या. ब्रशची सवय असलेल्याला इथे सुरुवातीला चुकल्यासारखं होतं, कारण रेषा जवळजवळ एकाच जाडीची, सावली नाहीच. तरी त्या गर्दीतला प्रत्येक माणूस सुटा दिसतो. कसा? नक्षीने. एकाच्या शर्टावर ठिपके, त्याला चिकटून उभ्या बाईच्या फ्रॉकवर रेघा, मागे गजांची बाल्कनी, वर कौलं. दोन माणसांमधली हद्द छायेने न आखता कापडाने आखलेली. मारिओवर सुरुवातीला रोनाल्ड सर्ल या इंग्रज चित्रकाराची गडद छाप होती आणि त्याने ती कधी लपवली नाही. (दोघे गेलेही एकाच महिन्यात, डिसेंबर 2011 मध्ये.) पण सर्लकडे गोव्यातलं पाववाल्याचं भोंगं नव्हतं, चर्चसमोरचा बँड नव्हता, तावेर्नमधली, म्हणजे दारूच्या गुत्त्यातली मंडळी नव्हती. मारिओ विशी-पंचविशीत चित्ररूपी डायऱ्या लिहीत होता, त्यात हे सगळं आधीच येऊन बसलं होतं. बाहेरून आलेल्या रेषेला आत उतरायला घर तयार होतं.

आणि शि. द. फडणीस. त्यांचं चित्र उतरवायला बसलं की लक्षात येतं, यातून काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नाही. खाली ओळ नाही, तोंडाजवळ फुगा नाही. शब्दांचा आधार काढून घेतला की आपली किती चित्रं उभी राहतील, हे प्रत्येक व्यंगचित्रकाराने एकदा घरात कोणी नसताना तपासून बघावं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं पाहत आमच्या पिढ्या वाढल्या आणि त्यांनी आम्हाला काही शिकवलं हेच आम्हाला समजलं नाही.

विरोधी बाजूचा सगळ्यांत दमदार मुद्दा मी आतापर्यंत टाळला होता, तो आता घेतो. छाप चालत आली की तिच्याबरोबर जुने डोळेही चालत येतात. हे शंभर टक्के खरं आहे. आजही वृत्तपत्रांतला पुढारी गांधी टोपी घालून येतो, आजूबाजूला टोपी घालणारा आमदार शोधावा लागत असला तरी. शेतकरी तर हमखास : धोतर, मुंडासं, कपाळाला हात, पायाखाली भेगाळलेली जमीन. लासलगावच्या बाजार समितीत एकदा सकाळी लिलावाच्या वेळी जाऊन उभं राहा. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा, ट्रॉलीवर चढून कांदा हातात घेऊन बघणारे व्यापारी, आणि शेतकरी? टी-शर्ट, जीन्स, पायात सँडल, एका हाताने मोबाइलवर दुसऱ्या बाजार समितीतला भाव बघतोय. कपाळाला हात लावायला त्याचा हात मोकळा नाही. भाव पडल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. तो रडत नाही. फोन खिशात घालतो, उगाच ट्रॉलीचा फाळका ओढून बघतो, आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘तुझा काय गेला?’ हे चित्र लक्ष्मणकडे मिळणार नाही, मारिओकडे नाही, कोणाकडेच नाही. एकाच गुरूचा चष्मा लावून बसलेला पोरगा लासलगावात उभा राहिला तरी त्याला मुंडासंच दिसेल.

मग नक्कल सोडावी का? इथेच माझा आणि त्या तटाचा रस्ता वेगळा होतो. मुंडाशाचा शेतकरी अतिअभ्यासाने येत नाही, अर्धवट अभ्यासाने येतो. लक्ष्मण यांनी लोकडून ब्रश घेतला, लंडन घेतलं नाही. ते मुंबईच्या रस्त्यावर बघत राहिले. त्यांची नक्कल पूर्ण करायची तर त्यांचं बघणंही घ्यावं लागेल, आणि ते घेतलं की आपोआप धोतर सुटून जीन्स येते. शिवाय ज्याच्याकडे एकच पद्धत आहे तो समोरचं त्या पद्धतीत कोंबतो. ज्याच्याकडे पाच आहेत त्याला निवड करावी लागते आणि निवड करायची तर समोर नीट बघावंच लागतं. लिलावाची गर्दी मारिओच्या अंगाने काढू, की एकट्या शेतकऱ्याचा हात फडणीसांच्या निःशब्द पद्धतीने? हा प्रश्न पडला तिथेच स्वतःचं काम सुरू झालं.

नाशिककरांना तर हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. पांडवलेणी आपण सहलीला म्हणून जातो, पण तिथलं 10 क्रमांकाचं लेणं आणि 3 क्रमांकाचं लेणं एका दिवसात लागोपाठ बघा. पहिलं क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेलं. दुसरं नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या सातवाहन घराण्याचं, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने पूर्ण करून भिक्षूंना दिलेलं. आराखडा जवळजवळ तोच, पुढे खांबांची ओसरी, आत मोठं दालन, भोवती खोल्या. ज्याचं राज्य बुडवलं त्याच्याच लेण्याचा नमुना समोर ठेवून सातवाहनांच्या कारागिरांनी डोंगर फोडला. आणि जोगलटेंभी? सिन्नर तालुक्यातल्या या गावात 1906 साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. 13 हजारांहून जास्त नाणी, त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले शिक्के मारलेले. खाली शत्रूचा चेहरा, वर आपलं चैत्याचं चिन्ह. चेहरा पुरता पुसलेला नाही, काही नाण्यांवर तो डोकावतो. गौतमीपुत्राला कोणी नक्कलखोर म्हणत नाही.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंही तेच. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघता बघता त्यांना डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच 1917 साली ‘नवयुग’मध्ये लिहिलं. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. यंत्र परकं, तंत्र परकं, कल्पनेची ठिणगीसुद्धा परक्या चित्रपटाची. त्याआधी ते रवि वर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करत होते, म्हणजे देवादिकांचे चेहरेही उसनेच. त्यांचं स्मारक आपण त्याच पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभारलं आहे आणि तिथे जाऊन कोणी ‘ही ख्रिस्तपटाची नक्कल’ असं अभिप्रायाच्या वहीत लिहीत नाही.

गाण्यात तर आपण हा वाद कधीच मिटवला. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे आणि सभा डोक्यावर घ्यायची. एकाची नव्हे, अनेकांची नक्कल. पुढे देवधर मास्तरांकडे शिकून हाच माणूस विसाव्या शतकातला सगळ्यांत वेगळा आवाज झाला. गवयाने दहा वर्षं गुरूची हरकत घोटली तर ती तालीम, आणि चित्रकाराने वर्षभर गुरूची रेषा घोटली तर चोरी, हा न्याय कुठला?

पोटाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तिथे मी कोणालाही सूट देणार नाही. सराव म्हणून केलेली नक्कल वेगळी आणि ती विकणं वेगळं. हयात असलेल्या एखाद्या चित्रकाराची ढब उचलून, त्याच्या निम्म्या दरात, त्याच्याच गिऱ्हाइकाला मुखपृष्ठ काढून देणारा माणूस प्रभावाच्या गप्पा मारू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. कायदा इथे फारसा कामाला येत नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा चित्राला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती तिच्या मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे ही जबाबदारी कोर्टाची कमी आणि आपल्या बिरादरीची जास्त. चित्राच्या कोपऱ्यात सहीखाली ‘अमक्यांच्या चित्रावरून’ एवढं लिहायला किती शाई लागते? आमच्यातले जुने लोक हे लिहायचे. आता सही मोठी झाली आणि ती ओळ गेली.

राहिलं यंत्र. मार्च 2025 मध्ये सगळ्या देशाने आपले लग्नाचे फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या ढबीत करून घेतले, तेव्हा मला एका मित्राने बरोबर कोंडीत पकडलं. म्हणाला, ‘तुझ्याच हिशेबाने हे सॉफ्टवेअर आदर्श विद्यार्थी आहे. तू दहा जणांची नक्कल करा म्हणतोस, ते लाखोंची करतं.’ मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण माझ्या म्हणण्यात दहा हा आकडा महत्त्वाचा नाही, त्या दहांमधून जाताना हाताचं काय होतं ते महत्त्वाचं आहे. मारिओची बाल्कनी मला जमत नाही, म्हणून मी गज जरा तिरके काढतो. लक्ष्मण यांचा फटकारा माझ्या मनगटात बसत नाही, म्हणून माझी रेघ मध्येच तुटते. वीस वर्षांनी लोक त्या तिरक्या गजांवरून आणि तुटक्या रेघेवरून चित्र माझं म्हणून ओळखतात. जी नक्कल जमली नाही तीच माझी शैली झाली. यंत्राला सगळं जमतं, हीच त्याची अडचण. शिवाय ज्यांच्या चित्रांवर ते शिकलं त्यांची नावं ते सांगत नाही, त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. मी ज्या अटींवर नक्कल मान्य केली त्यातली एकही ते पाळत नाही. आणि चित्रावर आमदार चिडला तर फोन कोणाला करायचा?

म्हणून मला वाटतं, या वादात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. त्या मुलाने फक्त लक्ष्मण का बघितले? कारण तेवढेच त्याला सहज मिळाले. इंटरनेटवर मराठी व्यंगचित्र शोधा, पुन्हा पुन्हा तीच ओळखीची चित्रं वर येतात, बहुतेकदा सही कापून आणि तारीख उडवून. वसंत सरवट्यांचं रेखाटन, दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं, हरिश्चंद्र लचके, ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकी-चित्रं, आपल्याच गावचे ज्ञानेश सोनार, हे सगळं जुन्या दिवाळी अंकांत पडून आहे आणि ते अंक माळ्यावरून थेट रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. सरवटे पेशाने इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरीला. तरी त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठी वाचकाला समजावून देण्यासाठी वर्षानुवर्षं लिहिलं. चित्रकाराने दुसऱ्या चित्रकारांचं मोकळेपणाने कौतुक करावं कसं, याचा तो धडा आहे. आजच्या किती जणांनी तो वाचलाय?

2027 चा सिंहस्थ आला आहे. पुढच्या काळात या शहरातली बरीच पोरं रामकुंडावर स्केचबुक घेऊन बसतील, बसायलाच हवीत. गर्दीसाठी त्यांना मारिओ लागेल, घाटाच्या पायऱ्या आणि पाण्यातला उजेड कळायला शिवाजी तुपे यांची जलरंगातली गोदावरी लागेल, व्हीआयपी बंदोबस्तासाठी लक्ष्मण लागतीलच. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय याच शहरात आहे, इतरही वाचनालयं आहेत, महाविद्यालयं आहेत. त्यांतल्या कोणीतरी पुढे येऊन घरोघरचे जुने दिवाळी अंक आणि व्यंगचित्रसंग्रह गोळा करावेत, वर्षवार लावावेत, आणि मुलांना टेबलावर घेऊन त्यावरून चित्रं उतरवू द्यावीत. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार असाल तर मात्र राहू द्या. माझ्याकडचे ‘आवाज’ आणि ‘मोहिनी’चे दोन खोके मी द्यायला तयार आहे. कोपरे दुमडलेत आणि काही पानांवर माझ्या लहानपणच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या चालवून घ्याव्या लागतील.